बेड नंबर सातची वेणी

वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारते. आरोग्य म्हणजे काय? उत्तर एका दमात येतं: "आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा किंवा दुर्बलतेचा अभाव नव्हे, तर संपूर्ण शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती." परीक्षेला हमखास येणारं वाक्य, पाठ नसून कसं चालेल! मग मी सांगते, आता वॉर्डात एक चक्कर मारा आणि या व्याख्येत बसणारा एक माणूस मला दाखवा. पाच मिनिटांनी परत येतात, चेहरे गोंधळलेले. रुग्णांचं तर सोडाच. राउंड घेणारे डॉक्टर रक्तदाबाची गोळी घेतात, मी गुडघ्याला पट्टा बांधून उभी आहे, आणि नाइट संपवून निघालेल्या सिस्टरच्या घरी काय चाललंय ते तिचं तिलाच ठाऊक.

एकतीस वर्षं परिचारिकेची ही नोकरी केल्यावर जे मला रोज उपयोगी पडतं, ते इथे लिहिते आहे. परिचारिका, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, औषधं देणारा फार्मासिस्ट, कोणीही असा, पहिल्या वर्षात हाताशी ठेवा.

आधी व्याख्येचं काय करायचं ते

ती व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतली. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये मंजूर झाली, ७ एप्रिल १९४८ ला लागू झाली; ७ एप्रिलला आपण आरोग्य दिनाची पोस्टरं लावतो ती म्हणूनच. महायुद्ध नुकतं संपलेलं होतं. तेव्हा "रोग नाही म्हणजे झालं असं नव्हे" हे म्हणणं मोठंच होतं, आणि मानसिक व सामाजिक हे दोन शब्द आत आले हे फार बरं झालं. अडचण आहे ती एकाच शब्दाची: "संपूर्ण". त्या मापाने आयुष्यभर मधुमेह सांभाळून कामावर जाणारा, हसणारा, भांडणारा माणूस कायमचा आजारी ठरतो. २०११ साली माखतेल्ड ह्यूबर या डच डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी मांडणी सुचवली: शरीराच्या, मनाच्या, समाजाच्या अडचणी समोर आल्या की त्यांच्याशी जुळवून घेण्याची आणि स्वतःचं स्वतः सांभाळण्याची क्षमता म्हणजे आरोग्य. आणि १९८६ च्या ओटावा सनदेत त्याआधीच म्हटलं होतं, की आरोग्य हे रोजचं जगणं जगण्यासाठीचं साधन आहे, जगण्याचं उद्दिष्ट नव्हे. मला तिन्हींत हे सगळ्यात कामाचं वाटतं. साधन म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: कशासाठी?

आपल्या भाषेतही गंमत आहे. "आरोग्य" या शब्दात फक्त रोग नसणं आहे. "स्वास्थ्य" म्हणजे मात्र स्वतःत नीट असणं, आपल्या जागी असणं. आणि रुग्ण या दोन्हींपैकी एकही शब्द वापरत नाहीत. ते म्हणतात, "बरंय." या "बरंय"चे मी आजवर किमान दहा अर्थ ऐकलेत, त्यातला एक "आता जा इथून" असाही असतो.

पहिला प्रश्न

बेड नंबर सातवर एक बाई होत्या. पक्षाघात, उजवी बाजू. वय साठीच्या आत. दोन आठवड्यांत उजव्या हाताची ताकद पाचपैकी तीनवरून चारवर आली. राउंडला सगळे खूश, चार्टवर सुंदर चढती रेघ, डिस्चार्जची बोलणी सुरू. बाई मात्र भिंतीकडे तोंड करून. नव्या डॉक्टरने नैराश्याची शंका घेतली, आणि पक्षाघातानंतर ती घ्यायलाच हवी, त्यात त्याचं चुकलं नाही. पण त्या दिवशी केस विंचरायला गेलेल्या आमच्या मावशींना बाई म्हणाल्या, "चार म्हणे. चार घेऊन काय करू? वेणी घालता येत नाही माझी मला."

वेणीला काय लागतं ते एकदा घालून बघा, किंवा कोणाची तरी नीट बघा. दोन्ही हात डोक्यामागे, खांदा वर धरून ठेवायचा, आणि न बघता तीन पेड बोटांत वेगळे ठेवायचे. हाताला विरोध करून "ढकला माझा हात" म्हणत मोजलेल्या चारमध्ये यातलं काहीच येत नाही. रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला हे सांगितल्यावर तिने व्यायामच बदलला. आधी जाड मुठीचा कंगवा. मग वेणी पाठीवर न घालता खांद्यावरून पुढे घेऊन, दिसेल अशी. मग तीन रंगांच्या दोऱ्या पलंगाच्या कठड्याला बांधून, त्यांची वेणी. पहिले काही दिवस तर्जनी आणि मधलं बोट वेगळं होईना, दोन पेड एकमेकांत शिरायचे, आणि बाई सगळं सोडून पुन्हा सुरू करायच्या. व्यायामाला नाही म्हणणाऱ्या बाई दुपारची झोप सोडून ते करत बसायच्या.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे. "काय होतंय?" हा नंतर. आधी: "यामुळे तुम्हाला काय करता येत नाहीये?"

विचारायचा कसा, ते सांगते, कारण चुकीच्या रीतीने विचारला तर "काही नाही, बरंय" एवढंच मिळतं.

बसून विचारा. उभं राहून, हातात चार्ट आणि नजर सलाईनच्या बाटलीवर ठेवून विचारलेल्या प्रश्नाला कोणी खरं उत्तर देत नाही. स्टूल नसेल तर पलंगाशी वाका, पण डोळ्यांच्या पातळीवर या. विचारून झालं की गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. १९८४ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी तपासणीच्या खोलीतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून ऐकली, तर रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी अठरा सेकंदांत मध्ये बोलत होते. अठरा सेकंद! मनातल्या मनात मोजा, माणूस अजून प्रस्तावनेतच असतो. मीही मोजून पाहिलं, माझे बारा भरले. तेव्हापासून विचारून झालं की मी पेनाचं टोपण बंद करते. तो माझा मलाच इशारा.

नातेवाईक उत्तर देतील. देऊ द्या, त्यांनाही सांगायचं असतं. ते झालं की पुन्हा रुग्णाकडे वळून तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारा. मुलगा म्हणेल "त्यांना चालता येत नाही", आणि वडील म्हणतील "संडासला जाताना कोणी तरी धरावं लागतं". दोन्ही एकच वाटतं, पण उपाय वेगळे. पहिल्याला व्यायाम लागेल. दुसऱ्याला कदाचित भिंतीला एक कठडा पुरेल.

उत्तर लिहून ठेवा, आणि त्यांच्याच शब्दांत. "दैनंदिन क्रियांमध्ये मर्यादा" असं लिहिलंत की पुढच्या पाळीच्या सिस्टरला काहीही कळत नाही. "वेणी घालता येत नाही" लिहिलं की तिला दिसतं.

"कळलं का?" विचारू नका

कारण सगळे हो म्हणतात. मीही म्हणते, मोबाइल दुकानदाराला.

एक काका होते, मधुमेहाचे. मेटफॉर्मिन, दिवसातून तीनदा, जेवणासोबत. दर महिन्याला यायचे, साखर दर महिन्याला वर. दोनदा डोस वाढला. "गोळ्या वेळेवर घेता ना?" "हो." "पथ्य पाळता?" "हो." आम्ही आपापसात ठरवून टाकलं होतं, की काका खोटं बोलतात. एकदा ओपीडीला गर्दी कमी होती म्हणून मी म्हटलं, "काका, कालचा दिवस सांगा बरं. उठल्यापासून." त्यांनी सांगितला. त्यात जेवणं दोनच. मी म्हटलं, तिसरी गोळी? तर मलाच समजावून सांगितलं, अगदी प्रेमाने: "अहो सिस्टर, जेवणासोबत घ्यायची ना? तिसरं जेवणच नाही, तर गोळी कशासोबत घेऊ?" आणि पिशवीतून उरलेल्या गोळ्यांची डबी काढली. फेकल्या नव्हत्या. मोजून ठेवल्या होत्या.

त्यांनी आमचं म्हणणं शब्दशः पाळलं होतं. डॉक्टरांनी गोळी दोन वेळेची करून दिली आणि पुढच्या तपासण्यांत साखर खाली यायला लागली. पण मला जास्त लागलं ते आमचं "खोटं बोलतात".

तर रीत अशी. समजावून झालं की ओझं स्वतःवर घ्या: "मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय. आता घरी गेल्यावर तुम्ही काय काय कराल, ते मला सांगा." परीक्षा माझी असते, त्यांची नाही, हे त्या वाक्यात दिसलं पाहिजे. चुकलं तर "असं नाही हो" न म्हणता दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगा आणि पुन्हा म्हणून घ्या. आणि सूचना घड्याळाला किंवा जेवणाला बांधण्याआधी त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा. रात्रपाळी करणाऱ्याला "सकाळी उठल्यावर" म्हणजे नेमकं कधी?

हात

यावर मी लांबण लावणार नाही, पण वगळणारही नाही. व्हिएन्नाच्या प्रसूती रुग्णालयात १८४७ साली दोन विभाग होते. एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी कितीतरी जास्त मरत. सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं, की आपण शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येतो. त्याने क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरात अठरा मृत्यू होते, जूनमध्ये दोनच्या आसपास. आणि सहकारी? त्यांना राग आला. आपले हात मारतात हे ऐकून घेणं कोणाला जमतं! नव्यांना मी एवढंच सांगते: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवी-पू यांच्याशी संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या पलंगाला-टेबलाला हात लावून झाल्यावर. पाच वेळा. यातली शेवटची सगळेच विसरतात, कारण "मी तर रुग्णाला हातच लावला नाही."

वही

आता पलंगाच्या बाहेरचं काम. समाजात आपली भूमिका काय, या प्रश्नाचं उत्तर भाषणांत फार छान असतं. माझ्यापुरतं ते खिशातल्या वहीत आहे.

एका उन्हाळ्यात चार बायका आल्या, वेगवेगळ्या दिवशी. हातांची कातडी सोललेली, बोटांच्या बेचक्यांत भेगा. मी प्रत्येकीला मलम दिलं, नीट समजावलं, म्हणूनही घेतलं. स्वतःवर खूश होते. पाचवी आली ती मलम हातात घेऊन म्हणाली, "हे तर आहे आमच्याकडे, मैत्रिणीचंच लावते मी." पाचही जणी एकाच ठिकाणी सफाईचं काम करत होत्या. तिथे नवं रसायन आलं होतं, ते पातळ न करता वापरलं जात होतं, आणि हातमोजे नव्हते. चार वेळा तोच हात माझ्या हातात आला होता आणि एकदाही मी विचारलं नव्हतं, की काम काय करता.

म्हणून वही. एका पानावर चार रकाने: काय, कधी, कुठलं काम, कुठलं पाणी किंवा वस्ती. नाव लिहायचं नाही, वही हरवते. तीच तक्रार तीनदा दिसली की वरिष्ठांकडे जायचं, आणि "मला वाटतं" न म्हणता "तीन आठवड्यांत पाच, एकाच ठिकाणच्या" असं म्हणायचं. आकडा पुढे केला की माणसं निदान खुर्चीत सरळ बसतात. आमच्या वेळी पत्र गेलं, मोजे आले. रसायन बदलायला बराच वेळ लागला.

ही युक्ती माझी नाही, हे उघडच आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, सहाशेच्या वर माणसं गेली. जॉन स्नो हा खरं तर भूल देणारा डॉक्टर, आदल्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिलेला. पण तो दारोदार जाऊन एकच विचारत होता: पाणी कुठलं पिता? मरणारे बहुतेक ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरचं पाणी पिणारे निघाले. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, कारण ते बिअर आणि कारखान्याचं स्वतःचं पाणी पीत. आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई मेली, कारण तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडायची आणि ती ते मुद्दाम मागवून घ्यायची. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला. (साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नोनेच प्रामाणिकपणे नोंदवलंय. पोस्टरवर ते कोणी छापत नाही.)

त्याच्या सहा वर्षं आधी, सव्वीस वर्षांच्या रुडॉल्फ व्हिर्शो या जर्मन डॉक्टरला प्रशियाच्या सरकारने टायफस या तापाची साथ बघायला वरच्या सायलेशियात, उपासमारीने गांजलेल्या भागात पाठवलं. सरकारला वैद्यकीय अहवाल हवा होता. त्याने लिहिलं: शिक्षण द्या, स्वातंत्र्य द्या, लोकांच्या हातात चार पैसे येतील असं करा. सरकार किती खूश झालं असेल ते तुम्हीच ठरवा. आणि हे फक्त उपाशी लोकांचं आहे असं समजू नका. १९६७ पासून लंडनमधल्या अठरा हजार सरकारी नोकरांचा अभ्यास झाला, सगळे कायम नोकरीतले. त्यातही सर्वांत खालच्या हुद्द्यावरच्यांचं मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्यांच्या तिप्पट. धूम्रपान वगैरे वजा केलं तरी मोठा फरक उरलाच.

आपण सरकार नाही. पण ज्याच्या हातात पेन आणि पुढ्यात ओळीने रुग्ण आहेत, त्याला हे सगळ्यात आधी दिसतं.

राउंड कुठून सुरू करायचा

सर्वांत शांत पलंगापासून. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली लिहिलं होतं, की चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज जास्त तिथेच कमी मिळते. ते समाजाबद्दल बोलत होते, पण वॉर्डातही अगदी तसंच घडतं. ज्याचे नातेवाईक आवाज चढवतात त्याची सलाईन वेळेवर बदलते. ज्याच्याजवळ कोणी नाही तो संपलेली बाटली बघत पडून राहतो, कारण "सिस्टर कामात आहेत." उगाच क्रांती करू नका, फक्त चालण्याची दिशा बदला.

आपण एकटे नाही, आणि सर्वज्ञ तर नाहीच

वेणीची गोष्ट मावशींनी आणली, ऑक्युपेशनल थेरपिस्टने पुढे नेली, आणि मी मध्ये फक्त निरोप्या होते. बहुतेक दिवशी कामाचं स्वरूप हेच असतं. वरिष्ठांना फोन करताना घाबरायला होतं, म्हणून क्रम पाठ ठेवा: आत्ता काय होतंय, रुग्ण कशासाठी दाखल आहे, मला काय आढळलं, आणि मला तुमच्याकडून काय हवंय. शेवटचं न सांगता फोन ठेवू नका. "सर, जरा बघायला याल का" आणि "सर, श्वास मिनिटाला बत्तीस आहे, दहा मिनिटांत या" यांत फार अंतर आहे.

जे बरं होणार नाही तिथेही पहिला प्रश्न तोच राहतो, फक्त उत्तरं लहान होत जातात. पाणी गिळता येणं. कुशीवर वळता येणं. एका आजोबांना खिडकीकडे तोंड हवं होतं, बस. पलंग फिरवायला दोन मामा आणि चार मिनिटं लागली, आणि ऑक्सिजनची नळी लांब करावी लागली.

स्वतःबद्दल एकच. डबल ड्युटीनंतर औषधाचा डोस एकटीने मोजू नका, दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. लाज वाटली तरी.

पाळी बदलताना हँडओव्हर कसा लिहायचा, एक नमुना

बेड ७. पक्षाघात, उजवी बाजू, अठरावा दिवस. रक्तदाब चार्टवर. हाताची ताकद ४. पेड धरते, निम्म्यापर्यंत वेणी येते, मग तर्जनी सुटते. मदत करू नये, स्वतः पुन्हा सुरू करते. सकाळी सातला कंगवा उजव्या हाताला ठेवणे. जाड रबरबँड हवाय, मुलीला सांगितलंय, विसरली तर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.